मुंगी का आली, ते आधी बघा

दुपारची भांडी आवरून कुणी ओसरीवर टेकली असेल, कुणी खुरपता खुरपता फोनवर ऐकत असेल. आज मी मुंग्यांबद्दल बोलणार आहे. साखरेच्या डब्यातल्या मुंग्यांबद्दल नाही, त्यांच्याशी आपण सगळ्याच रोज लढतो. मी बोलतेय ते परसातल्या शेडनेटमध्ये शिरणाऱ्या मुंग्यांबद्दल.

आमच्या परसात दहा बाय पंधरा फुटांचं शेडनेट आहे. बांबूचा सांगाडा, वर हिरवी जाळी आणि पावसाळ्यात त्यावर प्लॅस्टिकचा कागद. शहरात गच्चीवर असं काही केलं की त्याला ग्रीनहाऊस म्हणतात, आमच्या घरात त्याला नुसतं ‘जाळी’ म्हणतात. ‘आई कुठंय?’ ‘जाळीत आहे.’ बचत गटाच्या कर्जातून ते उभं केलं. वांगी, मिरची, टोमॅटो, फ्लॉवर यांची रोपं मी ट्रेमध्ये तयार करते आणि विकते. एका कोपऱ्यात घरापुरती कोथिंबीर आणि मेथी असते.

मागच्या वर्षी मृग लागायच्या आधी गावातल्या एका शेतकऱ्याने वांग्याच्या रोपांची मागणी दिली. त्यांना आमचंच गावरान वांगं हवं होतं. हे बी आमच्या सासूबाईंचं. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. दरवर्षी झाडावर एक चांगलं वांगं पिवळं पडेपर्यंत ठेवायचं, त्याचं बी धुऊन वाळवायचं, राखेत घालून काचेच्या बाटलीत भरायचं, हे काम त्या मी लग्न होऊन आले तेव्हापासून करतायत. त्याच्या आधीही करत असणार. असं बी दुकानात मिळत नाही.

बारा ट्रे भरले. एका ट्रेला ९८ खाने, म्हणजे अकराशेच्या वर बी गेलं. कोकोपीट ओलं केलं, बी टोचलं, ट्रे झाकून ठेवले. वांगं उगवायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून मी निवांत होते. दहाव्या दिवशी बघते तर एका ट्रेमध्ये मोजून वीस-पंचवीस कोंब. बाकीचे खाने रिकामे.

मी काय केलं सांगू? बियाण्याला दोष दिला. आत्यांच्या समोरच बोलले, की बाटलीत दमट झालं असेल, बी पोकळ निघालं. आत्या एवढंच म्हणाल्या, “बी माझं पोकळ नाही गं.” आणि आत निघून गेल्या. दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मग सुनेने आगपेटीची काडी घेतली आणि एकेक खाना उकरून बघितला. बी कुजलं असतं तर मऊ झालेलं सापडलं असतं. पोकळ असतं तर टरफल सापडलं असतं. तिथे बीच नव्हतं. आणि ट्रेच्या कडेने बारीक लाल मुंग्यांची ओळ चालली होती. एकीच्या तोंडात आत्यांचं वांग्याचं बी होतं.

आता पुढचं सांगताना मला आजही बरं वाटत नाही. पण सांगते, कारण तुमच्यापैकी निम्म्याजणी हेच करत असाल.

माळ्यावर मुंग्यांच्या पांढऱ्या पावडरीचा जुना डबा होता. मिथिल पॅराथिऑनची ती पावडर आपल्याकडे एके काळी घरोघरी असायची. उंबऱ्यावर टाका, धान्याच्या कणगीभोवती टाका. केंद्र सरकारने २०१८ साली त्यावर बंदी आणली, पण माळ्यावरच्या डब्याला बंदी कोण सांगणार? ती पावडर मी ट्रेच्या खाली आणि जमिनीवर भुरभुरली. शिवाय बाजारातून मुंग्या मारायचा खडू आणला आणि टेबलाच्या पायांवर रेघा मारल्या. हा खडू दिसायला अगदी शाळेतल्या फळ्यावरच्या खडूसारखा असतो. पाकीट मी चुलीत घातलं आणि उरलेला खडू जाळीतल्या फळीवर ठेवला.

माझी नात तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिला शाळा-शाळा खेळायचा भारी नाद. दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा हंडा आणायला गेले तेवढ्यात तिने तो खडू घेतला, फरशीवर गोल काढले आणि टोक चघळलं. मी आले तेव्हा तिचे ओठ पांढरे होते आणि ती जीभ बाहेर काढून “झोंबतंय, झोंबतंय” म्हणून रडत होती.

शेजारच्या वहिनी धावत आल्या. म्हणाल्या, मिठाचं पाणी पाजा, उलटी काढा. मीही मीठ कालवायला घेतलं होतं. मुलाने हात धरला, तिचं तोंड नुसत्या पाण्याने धुतलं आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं, तर ‘पाकीट कुठंय?’ पाकिटावर औषधाचं नाव असतं, त्यावरून त्यांना पुढचं ठरवता येतं. आमच्याकडे अर्धा खडू होता, बाकी काही नाही. मिठाचं पाणी पाजलं नाही हे बरं केलंत, म्हणाले. लहान मुलाला मिठाच्या पाण्यानेच वेगळा अपाय होतो, आणि उलटी छातीत जाण्याची भीती असते. रात्रभर तिला ठेवून घेतलं. तिला दोनदा उलटी झाली, मग झोपली. सकाळी बिस्कीट मागितलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तर मैत्रिणींनो, एवढं आत्ताच लक्षात ठेवा. मुलाच्या पोटात असलं काही गेलं तर उलटी काढायची नाही, तोंड धुवायचं, १०८ ला फोन करायचा किंवा सरळ दवाखाना गाठायचा, आणि डबा, पाकीट, बाटली जे असेल ते बरोबर न्यायचं.

घरी आल्यावर मी जाळीत गेले आणि नुसती उभी राहिले. ती पावडर वाऱ्याने कोपऱ्यातल्या कोथिंबिरीवरही उडाली होती. त्याच सकाळी मी त्यातल्या चार जुड्या शेजारी दिल्या होत्या. चारही घरी जाऊन सांगून आले. दोघींनी खाल्ली नव्हती, त्यांनी टाकून दिली. दोघींनी धुऊन खाल्ली होती, त्यांना काही झालं नाही. पण त्या दोघींपैकी एकीने पुढे कितीतरी दिवस माझ्याकडून भाजी घेतली नाही, आणि मला तिचा राग आला नाही. उरलेली कोथिंबीर उपटली. वरची मातीही खरवडून काढली आणि पिशवीत बांधून त्या डब्याशेजारी कुलपात ठेवली. असल्या डब्याचं काय करायचं ते कृषी खात्यात विचारा. ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

आणि मुंग्या? चौथ्या दिवशी परत हजर.

मग आत्याच म्हणाल्या, “येतात कुठून ते तरी बघितलंस का?” खरंच, ते मी बघितलंच नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर नऊच्या सुमाराला मी आणि सून मोबाईलचा उजेड घेऊन निघालो. ओळीमागे ओळ शोधत गेलो. टेबलाच्या पायावरून खाली, जमिनीवरून कडेला, तिथून बांबूवर, बांबूवरून जाळी ताणायला बांधलेल्या दोरीवर. दोरीचं दुसरं टोक होतं बाहेरच्या जास्वंदीला. सरळ पूल! आणि जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके. पिठ्या ढेकूण.

हा पिठ्या ढेकूण, किंवा मावा, झाडाचा रस शोषतो आणि मागून गोड चिकटा सोडतो. पानं हाताला चिकट लागतात, पुढे त्यावर काजळी धरते, तो हाच चिकटा. मुंगीला तो फार आवडतो. आपण गाय-म्हैस पाळतो तशी मुंगी ही किडी पाळते. त्यांना खायला येणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावते, कधी उचलून दुसऱ्या झाडावर नेऊनही ठेवते. म्हणजे जाळीत मुंग्या वाढल्या की थोड्या दिवसांनी मावाही वाढलेला दिसतो. आपण मुंगीला मारत बसतो, आणि तिचा गोठा तसाच राहतो.

दुसरी ओळ बघितली, ती मात्र माझ्याच घराकडे बोट दाखवणारी निघाली. जाळीच्या दाराशी जीवामृताचं पिंप ठेवलं होतं. त्यात गूळ असतो, बेसन असतं. ढवळताना सांडायचं, कडेला वाळायचं. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे बीजप्रक्रिया करताना जिवाणू खत बियाला चिकटावं म्हणून मी गुळाचं पाणी वापरलं होतं. शेतात बी मातीआड जातं, तिथे ते चालून जातं. इथे ट्रेच्या अर्धा बोट खोल खान्यात मी मुंग्यांना गुळाचे लाडूच वाढून ठेवले होते. बियावरचा गूळ हवा म्हणून त्या बीच उचलून घेऊन गेल्या. आत्यांचं बी पोकळ नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला काय सांगतेस, मला ठाऊकच होतं.”

आता उपाय. सगळ्यात आधी पूल तोडायचे. दोरी जास्वंदीवरून सोडून जमिनीत खुंटी ठोकून बांधली. जास्वंदीच्या ज्या फांद्या जाळीला टेकत होत्या त्या छाटल्या. कडेचं गवत हातभर काढलं. बाहेरच्या बांबूंना खालून फूटभर उंचीवर आधी प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली आणि त्यावर ग्रीसचा पट्टा फासला. ग्रीस सरळ जिवंत झाडाच्या सालीवर फासू नका, साल खराब होते. धूळ बसून ग्रीस सुकलं की मुंगी त्यावरून चालत जाते, म्हणून पंधरा दिवसांनी नवीन लावायचं.

पिठ्या ढेकूण आधी काडीला कापूस गुंडाळून साबणाच्या पाण्याने पुसून काढला. फार भरलेले शेंडे कापून साबणपाण्याच्या बादलीत बुडवले. मग एक लिटर पाण्याला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा पातळ साबण, असं संध्याकाळी फवारलं. आठ दिवसांनी परत. ट्रेमधल्या कोवळ्या रोपांवर हे सरसकट मारू नका. आधी चार रोपांवर मारून दोन दिवस थांबा.

नंतर टेबल. ह्यासाठी कुणाकडे शिकायला जायला नको, आपल्या आज्यांनी हे केलेलंच आहे. दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायचं, फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या. मी श्रीखंडाचे रिकामे डबे घेतले. बांबूचा पाय पाण्यात कुजतो, म्हणून डब्याच्या मधोमध विटेचा तुकडा ठेवला आणि त्यावर पाय. वीट डब्याच्या कडेला टेकता कामा नये, आणि वरचं टोक पाण्याच्या बाहेर हवं. पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण टाकला. नुसत्या पाण्यावर हलकी मुंगी तरंगून पलीकडे पोचते, साबणाच्या पाण्यात बुडते.

पण साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूचा डास, हे आपल्या आशाताई घसा कोरडा करून सांगतात. त्यांचा आठवड्याचा कोरडा दिवस ह्या डब्यांनाही लागू आहे. त्या दिवशी डबे ओतायचे, आतून घासायचे, मग नवीन पाणी. मी रविवार धरलाय. टेबल भिंतीला टेकलेलं नको, ट्रेवरून पाण्याची नळी लोंबती नको, नाहीतर वाट्या ठेवून उपयोग काय? आमच्याकडे एकदा टेबलाला टेकवून ठेवलेल्या खराट्यावरून सगळी वरात चढली होती.

मग वारूळ. टेबलावरच्या मुंग्या मारून राणीला काही होत नाही, ती आत अंडी घालतच असते. त्यासाठी मुंगीनेच औषध घरी न्यायला हवं, आणि घरी पोचेपर्यंत तिने मरायला नको. कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती बोरिक पावडर औषधाच्या दुकानात मिळते. अर्धा लिटर कोमट पाणी, ५० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम बोरिक पावडर. काट्यावर तोलून घ्या, अंदाजाने नको. आपल्याला वाटतं जास्त टाकलं की लवकर काम होईल. जास्त टाकलं की मुंगी वाटेतच मरते, नाहीतर तोंडच लावत नाही. ह्या पाण्यात कापूस भिजवून झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवायचा, डबीला खिळ्याने मुंगीपुरती भोकं पाडायची, झाकण चिकटपट्टीने बंद करायचं आणि डबी जाळीच्या बाहेर, मुंग्यांच्या वाटेवर दगडाखाली दाबून ठेवायची.

पहिल्या दिवशी मुंग्या दुप्पट दिसतील. घाबरू नका, हात लावू नका, त्यांना नेऊ द्या. कापूस तीन-चार दिवसांनी बदला. आमच्याकडे ओळ तुटायला दोन आठवडे लागले. लाल मुंग्या कधी कधी गोडाला विचारत नाहीत. आधी कागदावर चिमूटभर साखर आणि चिमूटभर तेलकट शेंगदाण्याचं कूट ठेवून बघा. कुटाकडे गेल्या तर औषध कुटात कालवा. आणि हो, बोरिकही विषच आहे. स्वयंपाकाच्या भांड्यात ते कालवू नका, डबीवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा, पोरांचा हात पोचेल तिथे ठेवू नका. माझी डबी, उरलेली पावडर आणि तिचं पाकीट कुलपात असतं, किल्ली माझ्या कनवटीला.

कुंडीतच वारूळ झालं असेल तर ह्या सगळ्याची गरज नाही. कुंडी कोरडी पडते, पाणी खालपर्यंत पोचत नाही, म्हणून मुंगी तिथे घर करते. कुंडी बादलीत काठापर्यंत अर्धा तास बुडवून ठेवा. पांढरे दाणे तोंडात धरून सगळं गाव वर येतं. आपण त्यांना अंडी म्हणतो आणि आता पाऊस येणार म्हणतो. त्यातली बरीचशी अंडी नसून मुंग्यांची पिल्लं आणि कोष असतात. ती कुंडी परसाच्या टोकाला नेऊन निथळत ठेवा, त्या आपोआप दुसरीकडे जातात.

हळद, कापूर, लवंग ह्याबद्दल पुष्कळजणी विचारतात. हळदीची रेघ मारली की मुंग्यांची वाट मोडते खरी, पण जाळीत आपण रोज पाणी घालतो, संध्याकाळपर्यंत हळद वाहून जाते. त्यापेक्षा त्यांची वाट साबणाच्या पाण्याने पुसा. एकमेकींच्या वासावर त्या चालतात, वास गेला की भांबावतात. मीठ आणि रॉकेल मात्र अजिबात नको. मुंगी दुसरी वाट काढते, रोप कुठे जाणार?

आत्यांना ती बोरिकची डबी अजून पसंत नाही. श्रावणात त्या उंबराच्या बुंध्याशी मुंग्यांना पीठ-साखर घालतात. ‘इकडे मी घालते आणि तिकडे तू मारतेस’ म्हणतात. म्हणून आमचं ठरलंय. जाळीत आणि जाळीच्या वाटेवर माझं राज्य, उंबराखाली त्यांचं. मलाही ते पटतं. उघड्या परसात मुंगी वाळवी खाते, किडींची अंडी खाते, तिथे तिला मारून मला काय मिळणार?

वांग्याच्या रोपांचं सांगायचं राहिलं. घेतलेले आगाऊ पैसे परत द्यायला मी त्या शेतकऱ्याकडे गेले, तर ते थांबायला तयार झाले. आत्यांनी बाटलीत उरलेलं बी काढून दिलं. ह्या वेळी गूळ नाही, कोरडंच पेरलं. उगवेपर्यंत मी रोज रात्री उजेड घेऊन चक्कर मारायचे. नऊ ट्रे पुरेल एवढं बी निघालं, त्यात आठशेच्या आसपास रोपं मिळाली. लागवड त्यांची तीन आठवडे उशिरा झाली, पण झाली. चार झाडं आमच्या परसातही लावली, आणि त्यातलं एक वांगं आत्यांनी झाडावर पिवळं पडायला सोडलं.

परवा जाळीत गेले तर एका डब्यात जास्वंदीचं पान पडून विटेला टेकलं होतं आणि त्या पानावरून चार मुंग्या पलीकडे पोचल्याही होत्या. पान काढलं, मुंग्या फुंकरीने उडवल्या. आज रविवार आहे, घरी गेल्यावर डबे घासायचेत. येते मी. राम राम.